सकाळी सात ते दुपारी सव्वातीन

बार्शीटाकळीतलं हे घर कुणा एकाचं नाही. वऱ्हाडातल्या कुठल्याही चार खोल्या समजा: मागच्या अंगणात सेफ्टी टँक, वर फरशी, फरशीवर धुण्याचा दगड. शेवटच्या दहा मिनिटांत जे होतं ते मात्र महाराष्ट्रात खरोखर होऊन गेलं आहे, तेही एकदा नव्हे.

पंधरा वर्षं आधी. मिस्त्रीने टाकीला हवेचा पाइप ठेवला होता. वास येतो म्हणून घरच्यांनी त्याला बूच ठोकलं. दर दोन-तीन वर्षांनी गाळ उपसायचा असतो, हे कुणी सांगितलं नाही, कुणी विचारलंही नाही.

तीन आठवडे आधी. श्रावणातली झड. इथली काळी माती पाणी धरून ठेवते म्हणून कपाशी जगते. शोषखड्डा मरतो तोही त्यामुळेच. ओली माती फुगली की खड्ड्यातलं पाणी जिरायचं थांबतं आणि टाकी काठोकाठ राहते.

सकाळी ७. संडास तुंबला. ॲसिडची अख्खी बाटली ओतली. तुंबलेलं तसंच राहिलं. ॲसिड मात्र गाळातल्या सल्फाइडला भिडलं, की हायड्रोजन सल्फाइड मोकळा होतो.

सकाळी ९. उपशाच्या गाडीला फोन. गाडी अकोल्यात अडकलेली, ‘परवा पाठवतो.’ उद्या तर पोळा, लेक-जावई येणार. मग ओळखीतल्या दोन भावांना निरोप गेला. माझ्या मते अपघात इथेच झाला, पुढचं सगळं उताराला लागलेलं. २०१३च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय माणसाला टाकीत उतरवणं हा गुन्हा आहे आणि घरमालकही त्यातून सुटत नाही: पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. सफाईच्या तक्रारीसाठी १४४२० हा क्रमांकही आहे. पण पोळ्याच्या आदल्या दिवशी कायदा कोण आठवतो?

सकाळी ११. पहारीने झाकण उचकटलं. ‘दोन तास उघडी ठेवू, गॅस निघून जाते.’ मिथेन हलका, तो थोडाफार जाईलही. हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड. तो गाळावर बसून राहतो.

दुपारी १. कुणीतरी पेटता कागद आत सोडला. विझला नाही, म्हणजे हवा आहे, असा निष्कर्ष निघाला. मिथेन पुरेसा असता तर भडका उडाला असता. आणि विषारी वायू माणूस मारण्याइतका असला तरी ज्योत जळतच राहते.

दुपारी २.३०. वरून बादलीने पाणी काढलं, खाली घट्ट गाळ राहिला. तो बांबूने ढवळला. गाळावरची साय फुटली आणि खाली कोंडलेला वायू एकदम वर आला. सडक्या अंड्यांचा वास सुटला आणि थोड्या वेळाने गेला. सगळ्यांना हायसं वाटलं. हवेच्या दहा लाख भागांत शंभर भागांच्या आसपास हायड्रोजन सल्फाइड असला, की काही मिनिटांत नाकच बधिर होतं. वास गेला तो नाकातून. टाकीतून गेला नव्हता.

दुपारी ३. सोनपेठ तालुक्यातल्या भाऊचा तांडा शिवारात, ११ मे २०२३ला, एका आखाड्यावरच्या टाकीचा उपसा साधारण याच वेळी सुरू झाला होता. रात्रीपर्यंत पाच मजूर गेले.

दुपारी ३.०५. धाकटा भाऊ तोंडाला ओला रुमाल बांधून शिडीवरून उतरतो. ‘काई नाई होत भाऊ, दोन मिन्टाचं काम हाये.’ रुमालाने वायू गाळला जात नाही. दहा लाखांत सातशे-हजार भाग असले तर एक-दोन श्वासांत शुद्ध जाते. ओरडायलाही सवड नसते.

दुपारी ३.०७. थोरला हाक मारतो. ओ येत नाही. तो उतरतो.

दुपारी ३.०९. घरमालकाचा मुलगा उतरतो. भित्रा असता तर वाचला असता. वर थांबून ११२ लावणं, पंख्याने आत हवा मारणं, दुसऱ्याला दंड धरून अडवणं, हे त्या क्षणी पळपुटेपणासारखं दिसतं.

दुपारी ३.१५. गल्ली जमलेली आहे आणि चौथा चपला काढतो आहे. ९ एप्रिल २०२४ला, ऐन पाडव्याला, नेवासे तालुक्यातल्या वाकडीत गोबरगॅसच्या मळीसाठी वापरलेल्या जुन्या विहिरीत मांजर पडलं. मांजराला काढायला एक उतरला, त्याला काढायला दुसरा, असे सहा जण. पाच गेले. वाचला त्या एकाच्या कमरेला दोर बांधलेला होता.