सकळ लिपी : महानुभावांचे अक्षरसंकेत आणि त्यांचा उलगडा

तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी प्रवर्तित केलेल्या महानुभाव पंथाचे विपुल वाङ्मय विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत मराठी वाङ्मयेतिहासाच्या जवळजवळ बाहेरच राहिले, आणि याचे एक प्रमुख कारण असे की या पोथ्या मराठीत असूनही पंथाबाहेरच्या मराठी वाचकाला त्यांतील ओळसुद्धा लागत नसे. पंथीयांनी आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत नोंदवले होते. त्यांपैकी सकळ लिपी सर्वाधिक रूढ असून तिचे जनकत्व चौदाव्या शतकातील रवळोबासांकडे दिले जाते. तिच्याखेरीज सुंदरी, अंक, शून्य, वज्र अशा इतर लिप्याही पंथाच्या निरनिराळ्या शाखांत प्रचलित होत्या.

सकळ लिपीत भाषा तीच राहते, फक्त नेहमीच्या अक्षराच्या जागी ठरवून घेतलेले दुसरे अक्षर किंवा चिन्ह येते आणि ही योजना पोथीच्या अखेरपर्यंत बदलत नाही. अशा अक्षरविनिमयाची कल्पना भारतात जुनीच आहे. वात्स्यायनाने कामसूत्रातील चौसष्ट कलांत ‘म्लेच्छितविकल्प’ म्हणजे गूढ लेखन-भाषणाची कला गणली आहे, आणि त्यावरील ‘जयमंगला’ टीकेत यशोधराने ‘मूलदेवीय’ नावाचा एक संकेत दिला आहे, ज्यात न आणि म, य आणि श, र आणि ष अशा जोड्या परस्परांची जागा घेतात. या संकेताने ‘मन’ हा शब्द ‘नम’ असा लिहिला जाईल. जोड्यांचे बंधन काढून मराठीची ३४ व्यंजने हवी तशी फिरवली, तर संभाव्य योजनांची संख्या ३९ अंकी होते, म्हणजे एकेक योजना तपासून उत्तर शोधणे कोणालाही अशक्य ठरते.

तरीही ही तटबंदी दिसते तितकी भक्कम नाही. नवव्या शतकात बगदादमध्ये अल-किंदी या तत्त्वज्ञाने गूढ लेखांच्या उलगड्यावर प्रबंध लिहिला आणि त्यात दाखवले की त्याच भाषेतील पुरेसा मोठा उघड मजकूर घेऊन कोणते अक्षर किती वेळा येते हे मोजावे, गूढ मजकुरातील चिन्हांचीही तशीच मोजदाद करावी आणि दोन्ही क्रम शेजारी मांडावेत. अक्षराचे रूप बदलले तरी त्याची वारंवारिता, म्हणजे मजकुरात ते येण्याचे प्रमाण, बदलत नाही. मराठी गद्यात र, त, न ही व्यंजने पावलोपावली भेटतात, तर झ, ढ क्वचित. एवढ्यावरूनही पहिले अंदाज बांधता येतात. महानुभाव गद्यात तर याहून सोपी वाट आहे, कारण चक्रधरांच्या आठवणी सांगणाऱ्या ‘लीळाचरित्रा’त ‘सर्वज्ञें म्हणितलें’ (सर्वज्ञ म्हणजे चक्रधर) हा शब्दप्रयोग इतक्या वेळा येतो की चिन्हांचा तोच समूह पुन्हा पुन्हा दिसताच जाणकाराने तो ओळखावा आणि त्यातून सात-आठ अक्षरे एकदम हाती लागावीत. मात्र त्यासाठी जुन्या मराठीची जाण हवी. आजच्या मराठीच्या बळावर हे अंदाज वारंवार फसतील.

या दृष्टीने सकळ लिपीचा उलगडा विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांच्या हातून व्हावा हे स्वाभाविकच म्हटले पाहिजे, कारण १९०९ साली ज्ञानेश्वरीतील मराठी भाषेचे व्याकरण सिद्ध करणाऱ्या या संशोधकाला यादवकालीन मराठीची रूपे तोंडपाठ होती. पुढे पंथातील काही महंतांनीही आपले ग्रंथभांडार अभ्यासकांना खुले केले, आणि वि. ल. भावे, य. खु. देशपांडे, ह. ना. नेने यांच्या परिश्रमांतून ते वाङ्मय देवनागरीत आले.

मग इतका सुलभ संकेत पाचएक शतके कसा टिकला? त्याचे श्रेय लिपीपेक्षा पंथाच्या शिस्तीला अधिक द्यावे लागते. अल-किंदीच्या रीतीला भरपूर मजकूर लागतो, आणि पोथी परक्याच्या हाती जातच नव्हती. ती मठात राहत असे आणि तिची किल्ली गुरूकडून शिष्याला मिळत असे. पंथाचे मठ पंजाब आणि काबूलपर्यंत पसरले, तेव्हा तेथील अनुयायीही हीच मराठी याच लिपीत वाचत राहिले.

किल्ली सापडल्याने मूळ संहिता मात्र सापडली नाही. पंथपरंपरेनुसार म्हाइंभटांनी सिद्ध केलेली लीळाचरित्राची मूळ प्रत परचक्राच्या धामधुमीत नाहीशी झाली आणि पुढे ती स्मरणाने पुन्हा लिहावी लागली, त्यामुळे निरनिराळे पाठ निर्माण झाले. त्यांत लेखनिकाच्या चुकांची भर पडली. एरवी वाक्याच्या अर्थावरून सहज ध्यानात येणारी चूक संकेतलिपीत नकळत पुढच्या प्रतीत उतरण्याचा धोका अधिक असतो. म्हणूनच वि. भि. कोलते यांना १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या संपादनासाठी लिपी अवगत असूनही अनेक पोथ्या ताडून पाहाव्या लागल्या.