पडद्यावरचा राजा आणि खामकाठची छावणी

‘छावणी’ हा शब्द ‘छावणे’, म्हणजे गवतपेंढ्याने शाकारणे, या क्रियापदापासून आला असून मोहिमेवर निघालेले लष्कर पावसाळ्यात जिथे खोपटी शाकारून मुक्काम करी, त्या जागेला जुन्या मराठीत तो लावला जात असे. छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या तटबंदीच्या पश्चिमेस, खाम नदीपलीकडे जी वस्ती आज याच नावाने ओळखली जाते, ती हैदराबाद कंटिन्जंटच्या, म्हणजे निजामाच्या खर्चाने पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखाली उभ्या राहिलेल्या फौजेच्या मुक्कामातून वाढली; जून १८५७ मध्ये याच फौजेच्या पहिल्या रिसाल्याने उठाव केला आणि पुण्याहून चालून आलेल्या जनरल वुडबर्नच्या तुकडीने तो मोडून काढला. तरीही या परिसराचा लष्करी इतिहास इंग्रजांपासून सुरू होत नाही. छावणी परिसरातला कर्णपुरा बिकानेरच्या राजा करणसिंहाच्या नावाने आणि जवळचा पदमपुरा त्याचा मुलगा पदमसिंह याच्या नावाने वसला असून ही दोन्ही नावे मोगलांच्या दख्खन मोहिमांवर नेमलेल्या राजपूत सरदारांच्या तळांची आठवण आहेत. नवरात्रात कर्णपुऱ्याच्या देवीच्या यात्रेला लोटणारी गर्दी सतराव्या शतकातल्या एका लष्करी तळावरूनच चालत असते.

पूर्वी औरंगाबाद म्हणून ओळखले जाणारे हे शहर २०२३ पासून अधिकृतपणे छत्रपती संभाजी महाराजांचे नाव धारण करते. शहराच्या मनात या राजाची जी मूर्ती आहे ती मात्र बव्हंशी चित्रपट आणि दूरचित्रवाणीच्या पडद्याने घडवलेली आहे. पडद्याने ती कादंबरीतून आणि रंगभूमीवरून घेतली, आणि रंगभूमीने बखरीतून. समकालीन कागदपत्रे या मालिकेत सर्वांत शेवटी आणि सर्वांत उशिरा आली, हे मराठी ऐतिहासिक चित्रपटाचे सर्वांत महत्त्वाचे वैशिष्ट्य मानावे लागते.

असे घडण्याचे जगप्रसिद्ध उदाहरण स्कॉटलंडचे आहे. तिथला राजा मॅकबेथ १०४० ते १०५७ अशी सतरा वर्षे राज्य करीत होता. त्याने आधीचा राजा डंकन याला लढाईत ठार केले, झोपेत नव्हे, आणि १०५० मध्ये तो रोमच्या यात्रेला जाऊन आला, म्हणजे इतका काळ देश सोडून राहण्याइतके त्याचे आसन स्थिर होते. पुढे सोळाव्या शतकात हेक्टर बोईस या इतिहासकाराने बँको नावाचे एक काल्पनिक पात्र निर्माण केले, स्टुअर्ट राजघराण्याने त्याला आपला मूळपुरुष मानले, आणि त्याच घराण्याचा जेम्स इंग्लंडच्या गादीवर आल्यानंतर शेक्सपिअरने बँकोच्या खुन्याचे नाटक लिहिले. १९४८ मध्ये ऑर्सन वेल्स, १९५७ मध्ये अकिरा कुरोसावा, १९७१ मध्ये रोमन पोलान्स्की आणि २००३ मध्ये ‘मकबूल’ काढणारे विशाल भारद्वाज या सर्वांनी हे नाटक पडद्यावर आणले. खऱ्या मॅकबेथला तिथे वाव उरला नाही. मराठीतही शिवराम महादेव परांजपे यांच्या ‘मानाजीराव’ आणि वि. वा. शिरवाडकर यांच्या ‘राजमुकुट’ या रूपांतरांतून आला तो नाटकातलाच खुनी राजा. स्कॉटलंडच्या राजघराण्याशी पडद्याचे नाते याहूनही जुने आहे: १८९५ मध्ये एडिसनच्या कंपनीसाठी आल्फ्रेड क्लार्क याने राणी मेरीच्या शिरच्छेदाचे काही सेकंदांचे चित्रीकरण केले, आणि कॅमेरा थांबवून माणसाच्या जागी बाहुला ठेवण्याची युक्ती त्यात वापरली. राजाचा किंवा राणीचा मृत्यू हा पडद्याचा इतका जुना आणि इतका आवडता विषय आहे.

संभाजी महाराजांच्या बाबतीत बोईसची भूमिका मल्हार रामराव चिटणीस यांच्या बखरीने पार पाडली. ही बखर महाराजांच्या मृत्यूनंतर शंभराहून अधिक वर्षांनी लिहिली गेली. तिचा कर्ता बाळाजी आवजी चिटणीसांचा वंशज होता, आणि राजद्रोहाच्या आरोपावरून बाळाजी आवजींना देहदंड झाला तो संभाजी महाराजांच्याच आज्ञेने. घराण्यावरचा हा घाव बखरीच्या ओळीओळीत उतरला असल्यास नवल नाही. नवल याचे, की पुढच्या पिढ्यांनी ती साक्ष तपासून न पाहता घेतली. साताऱ्याचा रेसिडेंट जेम्स ग्रँट डफ याने १८२६ मध्ये मराठ्यांचा इतिहास इंग्रजीत प्रसिद्ध केला तेव्हा चिटणीसांचे लेखन त्याच्यासमोर होते, आणि व्यसनी, विषयी, उतावळा राजा ही प्रतिमा शाळेच्या पुस्तकांपर्यंत पोचली. ग्रँट डफ जन्माने स्कॉटिश होता, हा योगायोग नोंदवण्यासारखा आहे. त्याच्याच देशातल्या वॉल्टर स्कॉटच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांनी हरि नारायण आपटे यांना वाट दाखवली, आणि आपट्यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरीवरून बाबूराव पेंटर यांनी १९२३ मध्ये ‘सिंहगड’ हा मूकपट काढला. मराठी ऐतिहासिक चित्रपटाचा पाया असा कादंबरीवर घातला गेला.

पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी कोल्हापूरची, आणि या एका गोष्टीने पुढच्या अर्धशतकाचा पडदा ठरवला. कोल्हापूरच्या जवळ पन्हाळा होता आणि गावात छत्रपतींचा दरबार होता; १९३३ मध्ये राजाराम महाराजांच्या आश्रयाने कोल्हापूर सिनेटोनही उभी राहिली. शिवकाळाचा पडद्यावरचा भूगोल त्यामुळे सह्याद्रीचा, डोंगरी किल्ल्यांचा झाला. मराठवाडा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. तिथे मराठी चित्रपट-उद्योग रुजण्याची शक्यताच नव्हती, आणि औरंगाबाद हे शहर पडद्यावर क्वचितच आले, तेही शत्रूच्या दिशेचे नाव म्हणून. राजकीय बंधने कोल्हापूरकरांनाही चुकली नाहीत. १९३० मध्ये कोल्हापुरातल्याच प्रभात कंपनीने शिवाजी महाराजांवर काढलेल्या चित्रपटाचे नाव ‘स्वराज्याचे तोरण’ होते. इंग्रजी सेन्सॉरला ‘स्वराज्य’ हा शब्द सोसला नाही, म्हणून त्याचे ‘उदयकाल’ झाले. त्यात शिवाजी महाराजांची भूमिका दिग्दर्शक व्ही. शांताराम यांनीच केली होती.

पेशवाईच्या बाबतीतही आख्यायिकेचा जोर असाच दिसतो. १७७३ मध्ये नारायणरावांचा शनिवारवाड्यात खून झाला, त्यामागे त्यांची काकू आनंदीबाई हिने हुकमातल्या ‘धरावे’च्या ‘ध’चा ‘मा’ केल्याची कथा सर्वतोमुखी आहे, आणि प्रभातच्या ‘रामशास्त्री’ (१९४४) या चित्रपटात ललिता पवारांनी उभ्या केलेल्या आनंदीबाईने ती पिढ्यान्‌पिढ्यांच्या मनात पक्की केली. लेडी मॅकबेथचीच ही मराठी बहीण म्हणावी लागेल.

संभाजी महाराजांवरचा महत्त्वाचा जुना बोलपट म्हणजे भालजी पेंढारकरांचा ‘थोरातांची कमळा’ (१९४१). चंद्रकांत मांढरे यांनी त्यात संभाजी महाराज साकारले आणि सुमती गुप्ते यांनी कमळा. शिवकाळावर भालजींइतके उत्कट प्रेम दुसऱ्या दिग्दर्शकाने क्वचितच केले असेल, त्यामुळे या चित्रपटामागे अनादर होता असे म्हणता येत नाही. पण कथा तीच होती, जी बखरीने आणि नाटकांनी लोकप्रिय केली होती, म्हणजे तरुण राजपुत्राच्या प्रेमप्रकरणाची. राम गणेश गडकरी यांच्या ‘राजसंन्यास’ या अपूर्ण नाटकानेही संभाजी महाराजांना असेच रंगवले होते, आणि त्या चित्रणाचा राग इतका खोल मुरला की जानेवारी २०१७ मध्ये पुण्याच्या संभाजी उद्यानातला गडकऱ्यांचा पुतळा उखडला गेला. जवळपास एका शतकापूर्वी छापलेल्या संवादांबद्दल लोक असे पेटून उठतात, यावरून नाटकातल्या प्रतिमेचे वजन कळते.

संशोधनाने ही प्रतिमा मोडली ती १९६० मध्ये. वा. सी. बेंद्रे यांनी दीर्घ परिश्रमांनंतर लिहिलेले संभाजी महाराजांचे चरित्र त्या वर्षी आले आणि १९७१ मध्ये कमल गोखले यांचे ‘शिवपुत्र संभाजी’. ‘बुधभूषण’ हा संस्कृत ग्रंथ रचणारा, मोगल, सिद्दी आणि पोर्तुगीज यांच्याशी एकाच वेळी झुंजणारा आणि नऊ वर्षांच्या कारकिर्दीत औरंगजेबाला दख्खनमध्ये अडकवून ठेवणारा राजा या ग्रंथांतून समोर आला. रंगभूमी मात्र लगेच बदलली नाही. वसंत कानेटकरांच्या ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ (१९६२) या नाटकात केंद्रस्थानी राहिला तो पिता-पुत्रांचा दुरावा, आणि काशिनाथ घाणेकरांच्या अभिनयामुळे संभाजी महाराज म्हटले की एक दुखावलेला, संतापी तरुण डोळ्यांपुढे येऊ लागला. त्यानंतर शिवाजी सावंतांची ‘छावा’ ही कादंबरी आली. २०१७ ते २०२० या काळात ‘स्वराज्यरक्षक संभाजी’ या मालिकेतून अमोल कोल्हे घराघरांत पोचले. आणि १४ फेब्रुवारी २०२५ रोजी सावंतांच्या कादंबरीवर आधारलेला लक्ष्मण उतेकर दिग्दर्शित ‘छावा’ प्रदर्शित झाला, ज्यात विकी कौशल यांनी संभाजी महाराजांची आणि अक्षय खन्ना यांनी औरंगजेबाची भूमिका केली. बेंद्र्यांच्या चरित्रापासून या हिंदी चित्रपटापर्यंत पासष्ट वर्षे गेली.

प्रतिमा पूर्णपणे उलटली, तरी तिची घडण बदलली नाही. चित्रपटाच्या झलकीत महाराज लेझीम खेळताना दिसले, त्यावर आक्षेप आले आणि ते दृश्य काढून टाकण्यात आले. गणोजी आणि कान्होजी शिर्के यांच्या फितूर म्हणून झालेल्या चित्रणाबद्दल शिर्के घराण्याच्या वंशजांनी हरकत घेतली आणि दिग्दर्शकाने दिलगिरी व्यक्त केली. पूर्वी राजाच्या प्रेमकथेला बखरीचा आधार पुरत असे. आता राजाने नाचावे की नाही हा राज्यभर चर्चेचा प्रश्न होतो. दोन्ही वेळी वाद प्रतिमेचा असतो, कागदाचा नसतो. औरंगजेबाच्या कैदेत महाराजांनी हौतात्म्यापूर्वी सोसलेल्या चाळीस दिवसांचे दुःख लोकांना आजही जाळते, ही भावना सच्ची आहे, आणि म्हणूनच तिला कागदाचा आधार मिळणे गरजेचे वाटते.

हा आधार किती रसाळ असू शकतो हे दाखवायला औरंगाबादच पुरेसे आहे. १६६६ मध्ये आग्र्याला निघालेले शिवाजी महाराज वाटेत या शहरात आले तेव्हा नवव्या वर्षातले शंभूराजे त्यांच्याबरोबर होते. शहराचा मोगल अधिकारी सफशिकनखान याने महाराजांना सामान्य जमीनदार समजून सामोरे जायचे टाळले आणि पुतण्याला पाठवले. महाराज त्याच्याकडे न जाता थेट आपल्या मुक्कामी गेले आणि शेवटी खानालाच त्यांच्या भेटीला यावे लागले. शहरातच वाढलेल्या भीमसेन सक्सेना याच्या फारसी आठवणींत या स्वारीचा वृत्तांत आहे. पुढच्याच वर्षी, आग्र्याहून सुटका झाल्यावर मोगलांशी तह झाला, तेव्हा दहा वर्षांचे शंभूराजे पाच हजारी मनसबदार म्हणून, म्हणजे बादशाही दर्जाच्या सरदारकीवर, पुन्हा औरंगाबादला आले, शाहजादा मुअज्जमला भेटले आणि परतले. प्रतापराव गुजर आणि निराजी रावजी यांच्या हाताखालची मराठा फौज मात्र इथेच मोगलांच्या तळाशेजारी राहिली. ‘छावा’ चित्रपटाची कथा १६८१ च्या बुऱ्हाणपूर मोहिमेपासून सुरू होत असल्याने हे दोन्ही प्रसंग त्याच्या कक्षेबाहेर राहतात.

मोगल छावणीचे चित्रणही असेच आकुंचित झाले आहे. बादशाही तळ म्हणजे चालते शहर असे: बादशहाच्या तंबूंभोवती ‘गुलालबार’ हा लाल कापडाचा कोट, आणि एक संच उभा असताना दुसरा पुढच्या मुक्कामी आधीच रवाना झालेला, ज्याला ‘पेशखाना’ म्हणत. १६९५ मध्ये कृष्णाकाठच्या गलगले येथील तळ पाहणाऱ्या जेमेली कारेरी या इटालियन प्रवाशाने त्याचा घेर तीस मैल आणि माणसे पाच लाख असा अंदाज दिला आहे. आकडा फुगवलेला धरला, तरी अडीचशे बाजार असलेल्या त्या गर्दीत पडद्यावरच्या एका तंबूतल्या कारस्थानाहून निराळे जग होते. भिस्ती, बंजारे, दाणेवाले आणि हत्तींचे माहूत यांच्याशिवाय तो तळ एक दिवसही उभा राहू शकत नव्हता.

‘छावा’तल्या एका गाजलेल्या दृश्यात औरंगजेब मुकुट उतरवून ठेवतो आणि संभाजी हाती लागेपर्यंत तो घालणार नाही अशी प्रतिज्ञा करतो. या दृश्याला मूळ आहे: कारवारच्या इंग्रज वखारीतून १६८२ मध्ये सुरतेला गेलेल्या पत्रात बादशहाने रागाने पगडी फेकून अशी शपथ घेतल्याची बातमी दिलेली आहे. ती ऐकीव होती, आणि तिच्यात मुकुट नाही, पगडी आहे. त्या वर्षी मार्चपासून औरंगजेब औरंगाबादेतच होता आणि १६८३ च्या उत्तरार्धात अहमदनगरकडे सरकेपर्यंत मोहिमेची सूत्रे इथूनच हलत होती. म्हणजे पगडी खरोखर फेकली गेली असेल तर ती दिल्लीच्या तख्तासमोर नव्हे, याच गावात. शहराभोवतीची तटबंदीही १६८२ मधलीच असून मराठ्यांच्या अचानक येणाऱ्या स्वाऱ्यांपासून बचाव व्हावा म्हणून ती बांधली गेली. छावणीतून जुन्या शहरात जाणारा रस्ता आजही खाम ओलांडून बारापुल्ला दरवाज्याच्या कमानीखालून जातो.