माल्प्लाके : विजेत्यांना न झेपलेला विजय

इ. स. १७०९ च्या जानेवारीत युरोपात थंडीचा असा कडाका पडला, की फ्रान्समधील नद्या गोठल्या आणि शेतातला गहू करपून गेला. वसंत आला तो दुष्काळ घेऊनच. सत्तरी ओलांडलेल्या चौदाव्या लुईने आपला परराष्ट्रमंत्री तोर्सी यास हेग येथे तहाच्या बोलण्यांसाठी पाठविले.

भांडणाचे मूळ स्पेनच्या गादीत होते. १ नोव्हेंबर १७०० रोजी स्पेनचा राजा दुसरा कार्लोस निपुत्रिक वारला. मृत्युपत्राने त्याने आपले राज्य लुईचा नातू, सोळा वर्षांचा फिलिप, याला दिले. दोन बलाढ्य राज्ये एकाच घराण्याकडे जाणार, या धास्तीने इंग्लंड, हॉलंड आणि ऑस्ट्रिया एकत्र आले व त्यांनी ऑस्ट्रियाचा राजपुत्र चार्ल्स याचा हक्क पुढे केला. ब्लेनहाइम, रामिली, उदेनार्द या लढायांत इंग्रज सेनापती मार्लबरोने, कधी स्वबळावर तर कधी ऑस्ट्रियाच्या प्रिन्स यूजीनच्या जोडीने, फ्रेंचांचा धुव्वा उडविला.

हेगला लुई बहुतेक सर्व काही सोडावयास तयार होता. बोलणी फिसकटली ती एका अटीवर. फिलिपने दोन महिन्यांत स्पेन सोडला नाही, तर त्याला हुसकावून लावण्यास खुद्द आजोबांनी हात द्यावा! विजयाच्या धुंदीतच अशी अट सुचते. लुईने ती धुडकावली आणि एका निरंकुश राजाच्या बाबतीत अपूर्व म्हणावी अशी गोष्ट केली. तह का होऊ शकला नाही, याचा खुलासा करणारे पत्र त्याने जूनमध्ये प्रांताधिकाऱ्यांना लिहिले. ते छापून प्रजेपर्यंत पोहोचविण्यात आले. स्वतःची सोन्याची भांडी त्याने टांकसाळीत धाडली. तरुण सैन्यात दाखल होऊ लागले. त्यात स्वाभिमान किती आणि पोटाची आग किती, हे वेगळे काढणे कठीण आहे.

११ सप्टेंबर रोजी मॉन्स शहराच्या दक्षिणेस माल्प्लाके गावाजवळ दोन्ही सैन्ये भिडली. दोन रानांमधल्या मोकळ्या पट्ट्यात फ्रेंच सेनापती विलारने खंदक व मातीचे बुरूज उभारले होते. दोन्हीकडचे मिळून दीड लाखांहून अधिक सैनिक रणात होते. दोस्तांच्या डाव्या बगलेवर बावीस वर्षांच्या ऑरेंजच्या राजपुत्राने डच पायदळ थेट खंदकांवर घातले आणि पहिल्या अर्ध्या तासातच हजारो सैनिक पडले. उजवीकडच्या रानात झाडाझाडांतून झुंज चालली. ती बाजू सावरण्यासाठी विलारने मधल्या फळीतले पायदळ काढले. नेमकी तीच फळी मग दोस्तांनी फोडली. विलारच्या गुडघ्यात गोळी शिरली. तेव्हा सूत्रे हाती घेतली ती बूफ्लेरने. हुद्द्याने विलारहून ज्येष्ठ असूनही हा वृद्ध मार्शल स्वखुशीने त्याच्या हाताखाली लढावयास आला होता. घोडदळाचे हल्ले चढवीत त्याने सेना शिस्तीने मागे नेली. पाठलाग करण्याचे त्राण विजेत्यांत उरले नव्हते.

रणभूमी दोस्तांच्या हाती राहिली, पण त्यांचे वीस हजारांहून अधिक सैनिक मृत वा जखमी झाले. फ्रेंचांची हानी साधारण निम्मी. असा आणखी एक पराभव देवाने पदरात घातला तर शत्रू संपलेच समजावे, अशा आशयाचे विलारने राजाला कळविले. (मार्लबरो या लढाईत मेल्याच्या अफवेवरून फ्रान्समध्ये एक गाणे निघाले, अशी परंपरा आहे. मार्लबरो त्यानंतर तेरा वर्षे जगला. गाण्याची चाल मात्र आजही इंग्रजी वाढदिवसांत ऐकू येते.)

मॉन्स ऑक्टोबरात पडले, पण पॅरिसची वाट काही उघडली नाही. इंग्लंडमध्ये १७१० साली युद्धाला विटलेला टोरी पक्ष सत्तेवर आला आणि पुढल्या वर्षाच्या अखेरीस मार्लबरो पदच्युत झाला. १७११ मध्येच सम्राट योसेफ वारल्याने चार्ल्स सम्राट झाला. त्याला स्पेनही मिळवून देण्यात आता दोस्तांनाच धोका दिसू लागला. माल्प्लाकेहून शाबूत परतलेल्या फ्रेंच सैन्याने विलारच्याच नेतृत्वाखाली १७१२ साली देनँची लढाई जिंकली. १७१३ च्या उत्रेख्तच्या तहात फ्रान्सच्या गादीवरील हक्क सोडण्याच्या अटीवर फिलिपचे स्पेनचे राजेपद मान्य झाले. स्पेनचा आजचा राजा सहावा फिलिप हा त्याच्याच वंशातला.