हात्तुशा

हात्तुशा : हिटाइट साम्राज्याची तटबंदीयुक्त प्राचीन राजधानी. तिचे अवशेष तुर्कस्तानात, अंकाराच्या पूर्वेस सुमारे १५० किमी. अंतरावर, चोरूम प्रांतातील बोआझकाले (जुने नाव बोगाझकई) या गावाला लागून आहेत. अनातोलियाच्या पठारावरील डोंगरउतारावर सुमारे १·८ चौ. किमी. क्षेत्रात हे नगर पसरले होते. सखल भागातील खालचे नगर व दक्षिणेकडील चढावरचे वरचे नगर असे त्याचे दोन प्रमुख भाग पडतात.

अवशेष पाहावयास येणाऱ्या प्रवाशास प्रथम दिसते ती प्राचीन भिंत नव्हे, तर २००३–०५ दरम्यान जर्मन पुरातत्त्वज्ञांनी जुन्या पद्धतीने कच्च्या विटांची उभारलेली ६५ मी. लांबीची तटबंदी. हिटाइटांचे तट व इमारती दगडी जोत्यावर कच्च्या विटा व लाकूड यांनी रचलेल्या असत. विटा पावसाने विरघळून गेल्या व जोती तेवढी उरली. नगराभोवतीच्या ६ किमी.हून अधिक लांबीच्या तटाची मूळ उंची या नमुन्यावरून ध्यानात येते.

खालच्या नगरात वादळदेव व अरिन्नाची सूर्यदेवी यांचे महामंदिर होते. त्याच्याभोवती कोठारांच्या रांगा होत्या व त्यांतील धान्याचे रांजण आजही जमिनीत रुतलेले दिसतात. चढावरील तटात तीन प्रसिद्ध द्वारे आहेत. पश्चिमेकडील सिंहद्वार दोन दगडी सिंहांमुळे ओळखले जाते. पूर्वेकडील राजद्वारावरील शस्त्रधारी आकृती राजाची समजली गेली होती. वस्तुतः ती देवतेची असून मूळ शिल्प अंकाराच्या संग्रहालयात आहे. सर्वांत उंच जागी, येरकापी येथे, मातीच्या प्रचंड बांधावर स्फिंक्सद्वार उभे असून त्याच्या खालून ७१ मी. लांबीचा भुयारी मार्ग तटाबाहेर निघतो. दोन्ही बाजूंचे दगड एकावर एक पुढे सरकवीत माथ्याशी टेकवून त्याचे छत साधले आहे. या मार्गाच्या भिंतींवर रंगाने काढलेली चित्रलिपीची चिन्हे २०२२ मध्ये प्रथम लक्षात आली. नगराच्या ईशान्येस याझिलीकाया हे खडकातील उघडे देवस्थान असून तेथे देवदेवतांच्या मिरवणुका कोरलेल्या आहेत.

इ. स. पू. अठराव्या शतकात कुश्शाराचा राजा अनित्त याने येथील जुने नगर उद्ध्वस्त केले आणि ते पुन्हा वसविणाऱ्यास शाप दिला. सुमारे शतकभराने एका हिटाइट राजाने ती जागा राजधानीसाठी निवडली व ‘हात्तुशाचा’ या अर्थाचे हात्तुशिली हे नाव धारण केले. शापाची हकीकत त्याच नगराच्या दप्तरखान्यात जतन झाली. इ. स. पू. चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धात उत्तरेकडील कास्का लोकांनी राजधानी जाळली. पुढे पहिला शुप्पिलुलिउमा याने साम्राज्य पुन्हा बलाढ्य केले. इ. स. पू. तेराव्या शतकात मुवातल्ली याने राजधानी काही काळ दक्षिणेस तारहुंताश्शा येथे हलविली होती. त्याच्या मुलाने ती परत आणली.

फ्रेंच प्रवासी शार्ल तेक्सिए याने १८३४ मध्ये हे अवशेष पाहिले. पण ते कोणाचे, याचा उलगडा त्यास झाला नाही. ह्यूगो विंकलर व थिओडोर माक्रिदी यांनी १९०६ मध्ये उत्खनन सुरू केल्यावर क्यूनिफॉर्म लिपीतील मृत्तिकापाट्यांचा मोठा साठा हाती आला. आजवर पाट्या व त्यांचे तुकडे मिळून सुमारे ३०,००० लेख सापडले आहेत. इ. स. पू. १२५९ च्या सुमारास तिसरा हात्तुशिली व ईजिप्तचा दुसरा रॅमसीझ यांच्यात झालेल्या तहाची प्रतही त्यांत मिळाली. बेद्रिच ह्रोझ्नी याने १९१५ मध्ये हिटाइट भाषा इंडो-यूरोपीय कुळातील असल्याचे दाखवून दिले. तिच्यातील पाणी या अर्थाचा ‘वातर’ हा शब्द संस्कृत ‘उदक’ याचा सगोत्र आहे. मितानी राज्याशी झालेल्या तहात मित्र, वरुण, इंद्र व नासत्य या देवतांना साक्षीस ठेवले आहे, तर किक्कुली या अश्वशिक्षकाच्या ग्रंथात घोड्यांच्या फेऱ्यांसाठी ‘ऐक’, ‘तेर’, ‘पंझ’, ‘सत्त’ असे संख्यावाचक शब्द येतात. त्यामुळे भारतीय प्राचीन इतिहासाच्या अभ्यासातही या दप्तरखान्यास महत्त्व आहे.

इ. स. पू. ११८० च्या सुमारास नगराचा अंत झाला. शत्रूने ते एका हल्ल्यात जिंकून जाळले, असे पूर्वी मानले जाई. परंतु जळालेल्या अनेक इमारतींत मौल्यवान वस्तू आढळत नाहीत. त्यावरून राजपरिवार व अधिकारीवर्ग सामानसुमानासह आधीच निघून गेले व आग नंतर लागली, असे युर्गेन झेहेर या उत्खननप्रमुखाने दाखविले. साम्राज्याच्या अखेरीस धान्याची टंचाई होती. हत्तीच्या भूमीस जगविण्यासाठी धान्य पाठविल्याचा उल्लेख ईजिप्तच्या मेर्नेप्टा याच्या लेखात आहे. गॉर्डियन येथील जुनिपर वृक्षाच्या खोडातील वलयांवरून इ. स. पू. ११९८ ते ११९६ ही वर्षे तीव्र अवर्षणाची ठरतात, असे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. अवर्षण हे ऱ्हासाचे एकमेव कारण म्हणता येत नाही. तथापि राजधानीचे भवितव्य तटांच्या जाडीइतकेच कोठारांतील धान्यावर अवलंबून होते, हे त्यावरून स्पष्ट होते. हिटाइटांनी तळी खोदली व भूमिगत कोठारे बांधली, यावरून त्यांना याची जाणीव असावी.

हात्तुशाचा समावेश १९८६ मध्ये यूनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांत व येथील मृत्तिकापाट्यांचा २००१ मध्ये ‘जागतिक स्मृती’ नोंदवहीत झाला. दुरुस्तीसाठी बर्लिनला नेलेला स्फिंक्स २०११ मध्ये तुर्कस्तानात परतला व तो बोआझकालेच्या संग्रहालयात ठेवण्यात आला आहे. एका धार्मिक विधीच्या पाटीवर कलाश्मा प्रदेशाची, आतापर्यंत अज्ञात असलेली भाषा नोंदलेली असल्याचे २०२३ मध्ये जाहीर झाले. तटाच्या विटा नाहीशा झाल्या, परंतु मातीवरच कोरलेले हे लेख टिकले आणि नगराची ओळख मुख्यतः त्यांच्यामुळेच पटली.