‘मापात पाप’ ते वैध मापन : महाराष्ट्रातील ग्राहक संरक्षणाची ऐतिहासिक वाटचाल

प्रस्तावना

‘मापात पाप’ हा मराठीतील जुना व रूढ शब्दप्रयोग आहे. खोट्या मापाने होणारी फसवणूक समाजाच्या किती परिचयाची होती, याचा तो भाषिक पुरावाच म्हणावा लागेल. परंतु या शब्दप्रयोगात एक मर्यादाही दडलेली आहे. फसवणुकीला ‘पाप’ म्हटले की तिचा निवाडा विक्रेत्याच्या सदसद्विवेकावर सोपविला जातो. ज्याची फसवणूक झाली त्याच्या हाती दाद मागण्याचे कोणतेही साधन उरत नाही. भारतातील ग्राहक संरक्षणाचा इतिहास हा सामान्यतः ग्राहक संरक्षण अधिनियम, १९८६ पासून सांगितला जातो. वस्तुतः खोटी मापे व भेसळ यांविरुद्धचे कायदे त्यापूर्वी सव्वाशे वर्षे अस्तित्वात होते. मग त्या कायद्यांनी ग्राहकाला संरक्षण का दिले नाही, आणि १९८६ च्या कायद्याने नेमका कोणता बदल घडवून आणला, या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात माप आणि पावती या दोन साधनांच्या आधारे केला आहे.

शेर, पायली आणि मण : मापांची विविधता

प्राचीन भारतात मापांवर राज्यसंस्थेचे नियंत्रण होते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात वजनमापांसाठी ‘पौतवाध्यक्ष’ व बाजारपेठेतील व्यवहारांसाठी ‘संस्थाध्यक्ष’ असे स्वतंत्र अधिकारी सांगितले आहेत. पेशवेकाळात पुण्यातील कोतवालाच्या कर्तव्यांमध्ये बाजारभावांच्या नियमनाचा समावेश होता. तथापि हे नियंत्रण प्रामुख्याने राजधानी व मोठ्या पेठांपुरते मर्यादित राहिले. खेड्यापाड्यांत स्थानिक मापच प्रमाण मानले जाई.

एकोणिसाव्या शतकात एकाच नावाच्या मापाचे मूल्य प्रदेशागणिक बदलत असे. मुंबईचा मण सुमारे २८ पौंडांचा होता, तर बंगाली मण ८२ पौंडांहून अधिक भरत असे. चार शेरांची पायली आणि वीस मणांची खंडी ही कोष्टके मुलांना पाठ असत. पण शेर कोणता, हा प्रश्न गावाची वेस ओलांडताच नव्याने उभा राही. शिवाय धान्य तोलण्यापेक्षा मापून देण्याघेण्याची पद्धत रूढ असल्यामुळे मोजणाऱ्याच्या हातालाही महत्त्व होते. पायली शीग लावून भरली की छाटून भरली, यावर एकाच मापातून निघणारे धान्य कमीअधिक होई. सवाई-दिढीने धान्य कर्जाऊ घेणाऱ्या शेतकऱ्याला देताना छाटीव आणि फेडून घेताना शिगेचे माप वापरले गेले, तर ठरलेल्या व्याजाखेरीज आणखी एक न लिहिलेले व्याज त्याच्याकडून वसूल होई. मापातील विविधतेचा लाभ अशा रीतीने नेहमी माप ज्याच्या हाती असेल त्यालाच मिळत असे.

पावतीचा प्रश्न : १८७५ ते १८७९

मापाइतकाच महत्त्वाचा दुसरा प्रश्न लेखी पुराव्याचा होता. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे उद्भवलेल्या आणि नंतर पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरलेल्या दख्खनच्या दंग्यांत शेतकऱ्यांचा रोख मुख्यत्वे सावकारांकडील कर्जरोखे व कागदपत्रे यांवर होता, ही बाब इतिहासकारांनी वारंवार नोंदविली आहे. व्यवहाराचा एकमेव लेखी पुरावा समोरच्या पक्षाच्या ताब्यात असणे, हे या असंतोषाचे एक प्रमुख कारण होते.

या दंग्यांच्या चौकशीनंतर संमत झालेल्या दख्खन शेतकरी साहाय्य अधिनियम, १८७९ मध्ये ऋणको शेतकऱ्याला दिलेल्या रकमेची लेखी पावती, हिशेबाचा वार्षिक उतारा आणि पासबुक मागण्याचा हक्क देण्यात आला. हा कायदा कर्जव्यवहारापुरता होता व तो ग्राहकविषयक कायदा म्हणून ओळखला जात नाही. तरीही व्यवहारातील दुर्बल पक्षाला लेखी पुरावा मिळाला पाहिजे, हे तत्त्व त्यात मान्य झाले होते. ग्राहक संरक्षणाच्या पूर्वेतिहासात या कायद्याला स्थान द्यावयास हवे, ते याच कारणास्तव.

दंडविधानाची मर्यादा

भारतीय दंड संहिता, १८६० मधील कलम २६४ ते २६७ नुसार खोट्या वजनमापांचा कपटपूर्वक वापर, ती बाळगणे, बनविणे व विकणे हे गुन्हे ठरविण्यात आले होते. कलम २७२ व २७३ अन्नपेयांतील भेसळीसंबंधी होती; मूळ तरतुदीनुसार त्यांसाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड अशी शिक्षा होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू होईपर्यंत ही संहिता अमलात होती. म्हणजेच कायद्याचा अभाव हे ग्राहकांच्या दुःस्थितीचे कारण नव्हते.

खरे कारण ग्राहकाच्या कायदेशीर स्थानात शोधावे लागते. फौजदारी खटल्यात फसवला गेलेला ग्राहक हा पक्षकार नसून केवळ साक्षीदार असे. गुन्हा सिद्ध झाला तरी दंड सरकारजमा होई. ग्राहकाची भरपाई हा खटल्याचा हेतू नव्हता. दिवाणी न्यायालयाचा मार्ग खुला होता. पण छटाकभर कमी मिळालेल्या तेलासाठी वकील, मुद्रांक शुल्क आणि वर्षानुवर्षांचे हेलपाटे कोण सोसणार? करार अधिनियम, १८७२ आणि मालविक्री अधिनियम, १९३० हे दोन्ही कायदे विक्रेता व खरेदीदार यांना समान क्षमतेचे पक्ष मानून चालतात. ‘खरेदीदाराने स्वतः सावध राहावे’ हे तत्त्व काही अपवादांसह मालविक्री अधिनियमाच्या कलम १६ मध्ये अंतर्भूत आहे. प्रत्येक ग्राहकाचे नुकसान लहान आणि सर्वांचे मिळून नुकसान मोठे, अशा फसवणुकीला या व्यवस्थेत उत्तर नव्हते.

प्रमाणीकरणाचे प्रयत्न

मापांच्या एकसूत्रीकरणाचे प्रयत्न विसाव्या शतकात वेगाने झाले. मुंबई प्रांतात १९३२ मध्ये वजनमापांचा कायदा करण्यात आला. वजनमान अधिनियम, १९३९ ने १८० ग्रेनचा तोळा, ८० तोळ्यांचा शेर व ४० शेरांचा मण हे प्रमाण देशभरासाठी निश्चित केले. शेतमालाच्या बाजारातही याच काळात नियमन सुरू झाले. वऱ्हाडातील कारंजा येथे १८८६ मध्ये नियंत्रित कापूस बाजार स्थापन झाला होता; पुढे मुंबई प्रांतात १९२७ चा कापूस बाजार कायदा व १९३९ चा शेतमाल बाजार कायदा आला. रुमालाखाली बोटांच्या खुणांनी भाव ठरविण्याची ‘हत्ता’ पद्धत, तसेच कडता व धर्मादाय यांसारख्या कपाती हे या नियमनाचे लक्ष्य होते.

स्वातंत्र्योत्तर काळात १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आणि १९५६ च्या वजनमापे मानक अधिनियमान्वये ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने मेट्रिक मापे प्रचारात आली. ८० तोळ्यांचा शेर सुमारे ९३३ ग्रॅमचा, त्यामुळे शेराच्या भावाचे किलोच्या भावात रूपांतर करताना पूर्णांकांची सोय विक्रेत्याच्या बाजूने लावली जाण्यास वाव होता. त्यामुळे शिक्का मारलेले अचूक वजन तागडीत आले, तरी हिशेब तपासण्याचे काम ग्राहकालाच करावे लागले. माप बदलणे शासनाच्या हाती होते. ते माप तपासून मागणारा ग्राहक केवळ कायद्याने निर्माण होणार नव्हता.

ग्राहकाचे संघटन : १९६६ ते १९८६

हा जागरूक ग्राहक महाराष्ट्रात संघटनेच्या मार्गाने पुढे आला आणि त्याच्या अग्रभागी स्त्रिया होत्या, ही गोष्ट विशेष नोंद घेण्याजोगी आहे. १९६६ मध्ये मुंबईत नऊ महिलांनी ‘कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया’ची स्थापना केली. लीला जोग यांचे नाव या संस्थेच्या कार्याशी निगडित आहे. वस्तूंची चाचणी, तक्रारींचा पाठपुरावा आणि नियतकालिकाद्वारे माहितीचा प्रसार ही तिच्या कार्याची अंगे होती.

१९७२ च्या दुष्काळात जीवनावश्यक वस्तूंची टंचाई व महागाई तीव्र झाली. त्या वर्षी मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती स्थापन झाली. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते आदी वेगवेगळ्या पक्षांतील नेत्या या समितीत एकत्र आल्या. थाळीनाद आणि लाटणे मोर्चा या आंदोलनपद्धतींमुळे स्वयंपाकघरातील प्रश्न सार्वजनिक चर्चेत आला. घरखर्चाची जुळवाजुळव ही गृहिणीची खासगी कसरत नसून तिचा संबंध साठेबाजी व वितरणव्यवस्थेशी आहे, हे या आंदोलनाने ठसविले.

यानंतरचा टप्पा रचनात्मक होता. बिंदुमाधव जोशी यांच्या पुढाकाराने १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीचे कार्य सुरू झाले आणि १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत अस्तित्वात आली. शेजारपाजारच्या कुटुंबांनी गट करून महिन्याची मागणी एकत्रित नोंदवायची, वस्तू घाऊक प्रमाणात खरेदी करायच्या आणि वाटून घ्यायच्या, अशी तिच्या वितरणव्यवस्थेची रचना होती. या पद्धतीमुळे भावातील बचत झालीच. शिवाय वस्तूची प्रत, वजन व किंमत यांची चिकित्सा करण्याची सवय कुटुंबांना लागली. एकेकट्या ग्राहकाला जे विचारता येत नव्हते, ते गटाला विचारता येऊ लागले.

राष्ट्रीय पातळीवरही याच सुमारास विचारमंथन सुरू होते. सच्चर समितीच्या १९७८ च्या अहवालानंतर मक्तेदारी व निर्बंधक व्यापारी प्रथा अधिनियम, १९६९ मध्ये १९८४ साली दुरुस्ती होऊन ‘अनुचित व्यापारी प्रथा’ ही संकल्पना कायद्यात समाविष्ट झाली. संयुक्त राष्ट्रसंघाने १९८५ मध्ये ग्राहक संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली. या पार्श्वभूमीवर २४ डिसेंबर १९८६ रोजी ग्राहक संरक्षण अधिनियमाला राष्ट्रपतींची संमती मिळाली.

साक्षीदाराकडून पक्षकाराकडे

१९८६ च्या कायद्याचे ऐतिहासिक महत्त्व त्यातील सहा हक्कांच्या यादीपेक्षा ग्राहकाच्या बदललेल्या स्थानात आहे. ग्राहक आता स्वतः तक्रारदार झाला. साध्या कागदावर, प्रारंभी कोणत्याही शुल्काविना आणि वकिलाच्या सक्तीशिवाय त्याला जिल्हा मंचाकडे जाता येऊ लागले. नोंदणीकृत ग्राहक संघटनेलाही तक्रार करण्याचा अधिकार मिळाला. निकालाचे स्वरूपही बदलले. वस्तू बदलून देणे, पैसे परत करणे आणि नुकसानभरपाई देणे यांचा त्यात समावेश झाला. लखनौ विकास प्राधिकरण प्रकरणातील १९९३ च्या निर्णयाने गृहनिर्माण सेवा आणि इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या प्रकरणातील १९९५ च्या निर्णयाने मोबदला घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा या कायद्याच्या कक्षेत असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले.

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ हा २० जुलै २०२० पासून अमलात आला. त्याद्वारे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण, उत्पादन दायित्व व मध्यस्थी यांची तरतूद झाली. ग्राहकाला स्वतःच्या निवासाच्या ठिकाणी तक्रार दाखल करण्याची मुभा मिळाली. विकलेल्या वस्तूचे किंवा सेवेचे बिल न देणे हीदेखील अनुचित व्यापारी प्रथा ठरविण्यात आली. १८७९ मध्ये कर्जदार शेतकऱ्यापुरते मान्य झालेले पावतीचे तत्त्व अशा प्रकारे १४० वर्षांनी प्रत्येक ग्राहकापर्यंत पोहोचले.

नवी मापे, जुना प्रश्न

आज सुट्या धान्याच्या पायलीची जागा वेष्टनबंद पुड्याने घेतली आहे. वेष्टनावर निव्वळ वजन व कमाल किरकोळ किंमत छापणे बंधनकारक आहे. वैध मापन शास्त्र अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०११ पासून लागू झाला. पूर्वी चहा, बिस्किटे, खाद्यतेल अशा काही वस्तू ठरावीक वजनाच्या वेष्टनांतच विकण्याचे बंधन होते. २०२१ च्या दुरुस्तीद्वारे ते काढून त्याऐवजी प्रतिग्रॅम, प्रतिकिलो अशी एकक विक्री किंमत छापण्याची तरतूद करण्यात आली. त्यामुळे किंमत तीच ठेवून वजन काही ग्रॅमने घटविल्यास तो कायद्याचा भंग ठरत नाही, कारण घटलेले वजन वेष्टनावर छापलेले असते. मात्र ते न वाचणाऱ्या ग्राहकाची स्थिती छाटीव पायली घेणाऱ्या शेतकऱ्याहून फारशी निराळी राहत नाही. ऑनलाइन खरेदीतही शेवटच्या क्षणी वाढणारे आकार किंवा न मागता जोडली जाणारी सेवा असे प्रकार आढळतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रीय प्राधिकरणाने अशा १३ ‘डार्क पॅटर्न’विरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे जारी केली.

दुसरी चिंता न्यायदानाच्या वेगाची आहे. वस्तूच्या चाचणीची गरज नसेल तर तीन महिन्यांत निकाल देण्याचा प्रयत्न व्हावा, असे कायद्याला अभिप्रेत आहे. प्रत्यक्षात आयोगांवरील रिक्त पदांच्या प्रश्नाची २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. निवारणाची यंत्रणा लांबली, तर दिवाणी न्यायालयाला पर्याय म्हणून निर्माण केलेली व्यवस्था त्याच न्यायालयाची प्रतिकृती होण्याचा धोका संभवतो. अल्प रकमेचा तक्रारदार मग पुन्हा घरी बसणे पसंत करील आणि १९८६ मध्ये त्याला मिळालेले स्थान नाममात्र उरेल.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल की, वजनमापांचे प्रमाणीकरण व दंडविधान यांनी प्रामाणिक व्यापाराची चौकट निर्माण केली. परंतु ग्राहकाला प्रत्यक्ष संरक्षण मिळाले ते तो संघटित झाल्यावर आणि कायद्याने त्याला पक्षकाराचे स्थान दिल्यावर. महाराष्ट्रातील महिला आंदोलने व ग्राहक पंचायतीसारख्या संस्था यांचे योगदान या दृष्टीने मूलगामी ठरते. हे स्थान टिकविण्यासाठी आयोगांवरील नियुक्त्या वेळेवर होणे ही शासनाची जबाबदारी आहे. पावती मागणे, वेष्टनावरील एकक किंमत वाचणे आणि तक्रार लिहिणे या सवयी विद्यार्थ्यांत रुजविणे ही महाविद्यालयांची जबाबदारी आहे. २४ डिसेंबरच्या राष्ट्रीय ग्राहक दिनी एखादे व्याख्यान आयोजित करून ती पूर्ण होत नाही. वाणिज्य, अर्थशास्त्र, इतिहास व गृहविज्ञान या विभागांनी परिसरातील बाजारपेठेचे सर्वेक्षण आणि प्रत्यक्ष तक्रारलेखन यांना अध्यापनात स्थान दिल्यास ग्राहक शिक्षणाला खरा अर्थ प्राप्त होईल.