न भरणारी झरणी

झरणीला, म्हणजे फाउंटन पेनला, शाई भरत नाही ही तक्रार हल्ली फारशी कानी येत नाही. कारण झरणीच आता विरळा झाली आहे. परंतु ज्या घरात आजोबांचे जुने पेन पेटीत जपून ठेवलेले असते, तेथे ती कधी तरी उद्भवतेच. हुबळीच्या विद्यानगरातील आमच्या घरी ती गेल्या पावसाळ्यात उद्भवली. आमच्याकडे जुन्या बायबलच्या पहिल्या कोऱ्या पानावर घरातील प्रत्येक मुलाचे नाव व जन्मतारीख लिहिण्याची रीत आहे. माझे आजोबा येथल्या रेल्वेच्या कारखान्यात कारकून होते. त्या पानावरील साऱ्या नोंदी, माझीसुद्धा, त्यांच्या एकाच पेनाने झालेल्या आहेत. धाकट्या भावाला कन्या झाली. तिचे नाव लिहावे म्हणून पेनाची निब दौतीत बुडवली आणि बाजूची तरफ उचलू लागलो, तो ती जागची हलेना.

ती का हलेना, हे कळण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे. बोरू आणि टाक यांना पोट नव्हते. दोन शब्द लिहावे आणि पुन्हा दौतीकडे वळावे, असा त्यांचा संसार. न्यूयॉर्कच्या लुइस वॉटरमन यांनी १८८४ साली ज्या पेनाचे पेटंट घेतले, त्यात निबेखालच्या जिभेतून शाई खाली उतरावी आणि तिच्या जागी हवा वर जावी, अशी वाट करून दिलेली होती. मात्र पोटात शाई घालायची ती ड्रॉपरनेच. त्यात बोटे माखत, बाही माखे आणि मेजही माखे. हा त्रास दूर करण्याची खटपट अनेकांनी केली. अमेरिकेतील आयोवा राज्यात फोर्ट मॅडिसन गावी वॉल्टर शेफर नावाचे जवाहिऱ्याचा धंदा करणारे गृहस्थ होते. त्यांनी १९०८ साली तरफेच्या पेनाचे पेटंट मिळविले. युक्ती साधी होती. पेनाच्या पोटात रबराची पिशवी. तरफ उचलली की आतली धातूची पट्टी पिशवीला दाबते व हवा बाहेर जाते. तरफ सोडली की पिशवी फुगते आणि शाई ओढून घेते.

सोय मोठी झाली, पण पेनाला मरणधर्मी अवयवही मिळाला. पिशवीचे रबर गंधकाने पक्के केलेले असले, तरी काळाने ते एक तर चिकट होऊन ओघळते किंवा कडक होऊन तडकते. गंमत अशी की पेनाची काळी कांडी ज्या एबोनाइटची, तेही रबरच. फक्त त्यात गंधक पुष्कळ अधिक. एकाच झाडाचा चीक, पण कांडी टिकते आणि पिशवी जाते.

आपल्याकडे मात्र ड्रॉपरचे पेन दीर्घकाळ नांदले. राजमहेंद्री येथे १९३२ पासून रत्नम् पेन एबोनाइटची बनू लागली. स्वदेशीच्या आग्रहातून झालेले हे पेन महात्माजींना मिळाले, तेव्हा १९३५ साली त्यांनी वर्ध्याहून आभाराचे पत्र पाठविले. शाईच्या बाबतीत मुंबईत दांडेकर बंधूंनी १९३१ साली घोडा छाप शाईची पूड व वड्या काढल्या; त्यांची ‘कॅमल’ शाई पुढे घरोघर गेली. ड्रॉपरच्या पेनात कुजण्यासारखे जवळजवळ काहीच नसते. म्हणून गरिबाचे ते पेन धुतले की पुन्हा लिहिते, आणि साहेबी थाटाचे तरफेचे पेन रुसून बसते.

आता दुरुस्तीकडे वळू. तरफ अजिबात हलत नसेल, तर पिशवी दगडासारखी झाली आहे असे समजावे आणि जोर करू नये, तरफ मोडते. तरफ सैल हलत असून आत खुळखुळ आवाज येत असेल, तर पिशवी फुटून तिचे तुकडे झाले आहेत. तरफ नीट चालते, पण शाई येत नाही व पाण्यात बुडबुडेही उठत नाहीत, तर दोष बहुधा वाळून बसलेल्या शाईचा. त्याला औषध एकच: निब थंड पाण्यात ठेवणे आणि वाट पाहणे.

येथेच माझी चूक झाली. घाईने मी टोपण गरम पाण्यात टाकले. काळे एबोनाइट तपकिरी झाले, ते आता कायमचे. सेल्युलॉइडचे पेन असते तर ज्योतीजवळ नेताच पेट घेते. मग शहाणपण शिकलो. निबेच्या मानेजवळ केस वाळविण्याच्या यंत्राची, हाताला सोसेल एवढीच कोरडी ऊब दिली, हलके पिळत मान ओढली. तिसऱ्या दिवशी ती सुटली. आतले काळे तुकडे टाचणीने काढले. नवी पिशवी मापून घ्यावी लागते. तिचे क्रमांक इंचाच्या चौसष्टाव्या भागांत असतात, म्हणजे सोळा क्रमांक पाव इंचाचा. ती मानेवर बसविण्यासाठी स्पिरिटमध्ये विरघळविलेली चपडा लाख लागते. ही लाख आपल्याच देशातील पळस व कुसुम या झाडांवरच्या किड्यांची. परदेशातली पेनेही हिच्याच आधाराने जोडली जात. पिशवीवर थोडी शंखजिऱ्याची भुकटी लावली आणि लाख वाळण्यासाठी रात्रभर तसेच ठेवले.

सकाळी साध्या पाण्यात तरफ उचलून सोडली. बुडबुडे उठले, आणि पेनाने पाणी ओढून घेतले.

श्रोतेहो, जुनी वस्तू बिघडली म्हणजे ती संपली असे आपण फार लवकर ठरवितो. या पेनाच्या कर्त्यांनी नाशवंत भाग बदलता येईल अशाच बेताने तो बसविला होता. दुरुस्ती त्यांनी गृहीत धरली होती, विसरलो आपण. टोपणाचा तपकिरी डाग माझ्या उतावळेपणाची साक्ष म्हणून राहील. त्या रविवारी निळी शाई भरून मी पेन भावाच्या हाती दिले आणि आजोबांच्या अक्षराखाली त्याने आपल्या लेकीचे नाव लिहिले. शाई वाळेपर्यंत पान कोणी मिटले नाही.