बगळा, माकड आणि मी

रोज सकाळी सहा वाजता मी आमच्या सोसायटीच्या गच्चीवर एका अदृश्य माकडाला मागे हटवतो. खरं तर मागे मीच सरकत असतो. माकड अंगावर येतंय अशी फक्त समजूत. त्याआधी एका रानघोड्याची आयाळ विंचरून झालेली असते, पांढऱ्या बगळ्याचे पंख पसरून झालेले असतात, आणि नंतर दोन्ही हातांनी ढग सारवायचे असतात. पाण्याच्या टाकीचा कॉक सोडायला येणारा वॉचमन पहिले काही दिवस जिन्याच्या दारातच थबकायचा. आता तो सवयीने बगळ्याच्या काखेखालून वाकून जातो.

या प्रकाराला ताई-ची च्वान म्हणतात. च्वान म्हणजे मूठ, ठोसा. म्हणजे ही युद्धकला झाली. 'चिनी युद्धकला शिकतोय' असं मी म्हटलं की लोक आधी माझ्या पोटाकडे बघतात, मग चेहऱ्याकडे, आणि मग हलकेच विचारतात, "का हो?" डॉक्टरांना मी गुडघ्यांचं कारण सांगतो. बंगलोरच्या मुलाला रक्तदाब सांगतो. साडूंना मात्र भारदस्त कारण लागतं, म्हणून त्यांना इतिहास सांगतो. तिथेच चुकलं.

"अहो, हे सगळं आपल्याकडूनच गेलं!" साडू म्हणाले. "बोधिधर्म!"

कथा अशी की बोधिधर्म नावाचा भारतीय भिक्षू चीनला गेला, नऊ वर्षं भिंतीकडे तोंड करून बसला आणि शाओलिन मठातल्या भिक्षूंना त्याने व्यायाम आणि मारामारी शिकवली. नऊ वर्षं भिंतीकडे बघून माणूस मारामारीवर उतरेल, हे मला मनापासून पटतं. पण ज्या पोथीच्या आधारावर हे उभं आहे ती निघाली सतराव्या शतकातली, म्हणजे बोधिधर्मानंतर हजारएक वर्षांनी लिहिलेली, आणि तिची प्रस्तावनाही बनावट.

पण खरी गंमत पुढेच आहे. 1669 साली हुआंग चोंगशी नावाच्या विद्वानाने एका मुष्टियोद्ध्याचा समाधिलेख लिहिला. त्यात त्याने म्हटलं की या विद्येची दोन घराणी. शाओलिनचं ते बाहेरचं, आणि वुदांग डोंगरावरच्या चांग सानफंग या ताओपंथी साधूचं ते आतलं. हा हुआंग तरुणपणी मांचू आक्रमकांशी लढून हरलेला होता. मांचू बाहेरचे, आणि बौद्ध धर्मही मुळात बाहेरचाच. तेव्हा 'आतलं घराणं बाहेरच्याला भारी पडतं' या वाक्यात व्यायाम किती आणि राजकारण किती, असा प्रश्न पुढच्या अभ्यासकांना पडला. मला एवढंच दिसलं की भारतातून आला म्हणून शाओलिन बाहेरचं ठरलं. आणि मी जे करतो ते आतलं, म्हणजे व्याख्येनेच आपलं नव्हे! हे मी साडूंना उत्साहाने ऐकवलं. त्या दिवाळीला त्यांच्याकडून फराळाचा डबा आला नाही.

त्यांचं सांत्वन करायला मी म्हणालो असतो की चिन्यांचा चांग सानफंगही टिकला नाही. त्याने साप आणि पक्ष्याची झुंज पाहून ताई-ची रचली, अशी लाडकी दंतकथा आहे. 1930च्या दशकात थांग हाव हा इतिहाससंशोधक उठला आणि थेट हेनान प्रांतातल्या चेन घराण्याच्या गावी जाऊन धडकला. तिथली कागदपत्रं चाळून त्याने सांगितलं की साधू नाही, साप नाही. ही विद्या चेन वांगथिंग या माणसापासून सुरू झालेली दिसते. वांगथिंग लष्करी पेशातला. 1644 साली मिंग राजवट बुडाली, हुद्द्याला अर्थ राहिला नाही, गडी गावी येऊन शेती बघू लागला आणि मुलानातवंडांना पवित्रे शिकवू लागला. थोडक्यात सेवानिवृत्त! हे वाचल्यावर या माणसाबद्दल मला एकदम आपुलकी वाटली. निवृत्त माणसाला सकाळी काहीतरी करावं लागतं. त्याला पेन्शनही नव्हतं.

त्याचे बरेचसे पवित्रे त्याआधीच्या शतकातल्या सेनापती ची चिग्वांग याच्या ग्रंथातले असावेत, असंही थांग हावने दाखवलं. आणि तो सेनापती स्वतः काय लिहितो? मोठ्या लढाईत या मुष्टिविद्येचा तसा उपयोग नाही, पण हातपाय मोकळे होतात. खुद्द सेनापतीच असं लिहून गेला म्हटल्यावर माझी निम्मी काळजी मिटली. उरलेली निम्मी यांग चंगफूच्या फोटोंनी मिटवली. आज जगभर जी संथ, एका लयीची ताई-ची चालते ती मुख्यतः या यांगची (1883–1936). त्याच्या आजोबांनी, यांग लूचान यांनी, चेनांच्या गावातून ही विद्या उचलून राजधानी पेकिंगला नेली आणि 'अजिंक्य' म्हणून नाव कमावलं. नातू मात्र फोटोत चांगला गरगरीत दिसतो. पोट माझ्यापेक्षा मोठं, आणि त्याची जराही लाज नाही! तो फोटो मी कापून कपाटाच्या दाराला आतून लावला आहे.

लढाईचं म्हणाल तर आतल्या-बाहेरच्या घराण्यांनी एकमेकांना काही कमी पाण्यात पाहिलं नाही. 1928 साली नानकिंगला सरकारने राष्ट्रीय मुष्टिविद्येची मध्यवर्ती संस्था काढली आणि तिचे शाओलिन आणि वुदांग असे दोन विभाग केले. दोन्ही विभागांचे प्रमुख लवकरच एकमेकांशी लढले, आणि ती विभागणीच रद्द करावी लागली. आपल्याकडे नाट्यपरिषदेत याहून वेगळं काही होत नाही.

पण माझा सर्वांत आवडता सामना 1954च्या जानेवारीतला, मकावचा. हाँगकाँगला नाताळच्या रात्री झोपड्यांना आग लागून पन्नास हजारांवर माणसं उघड्यावर आली होती. त्यांच्या मदतीसाठी हा सामना ठेवलेला. एका बाजूला ताई-चीचे पन्नाशी ओलांडलेले वू गोंगयी, दुसऱ्या बाजूला श्वेत बगळा घराण्याचा तरणाबांड चेन कफू. दोघेही महान, आणि त्या सामन्याची फिल्म आजही पाहायला मिळते. बगळा नाही, ढग नाही, काही नाही. दोन सभ्य गृहस्थ बसच्या रांगेत हातघाईवर यावेत तसे हात झाडतात, एकाच्या नाकातून रक्त येतं, आणि दुसऱ्या फेरीतच पंच सामना थांबवतात. निकाल काय? कोणी जिंकलं नाही, कोणी हरलं नाही आणि बरोबरीही झाली नाही! असा निकाल देणारा पंच आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेला मिळाला तर मी त्याचा सत्कार करीन. तीन दिवसांनी हाँगकाँगच्या एका सायंदैनिकात लियांग युशंग यांची तलवारबाज वीरांची कादंबरी क्रमशः सुरू झाली, आणि तिथून त्या कादंबऱ्यांचं नवं युगच उघडलं. लढाई फसली, पण वाङ्मय झालं.

तेव्हा लढायला म्हणून हे शिकण्यात अर्थ नाही. मी जे करतो ते 24 पवित्र्यांचं सुटसुटीत रूप 1956 साली चीनच्या क्रीडा आयोगाने सामान्य जनतेच्या तब्येतीसाठीच बेतलं होतं. तब्येत हे कारण खरंच आहे. फक्त ती तब्येत माझी नाही.

हिला पार्किन्सन होऊन चार वर्षं झाली. दुसऱ्या वर्षी, ऐन गणपतीत, ही पॅसेजमध्ये पडली. मी बाहेर होतो, झोपलो होतो, असं काही नाही. मी तिचा दंड घट्ट धरलेला होता. धरलेलीच पडली. मनगटाला प्लॅस्टर घालून घरी आल्यावर ही एवढंच म्हणाली, "अहो, तुम्ही मला धरत नाही, ओढता."

मग मी शोधाशोध केली. 2012 साली अमेरिकेतल्या ऑरेगनमध्ये 195 पार्किन्सन रुग्णांवर एक प्रयोग झाला होता. 24 आठवडे ताई-ची केलेल्यांचा तोल सुधारला, आणि नुसते अंग ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांपेक्षा ते कमी वेळा पडले. मी हिला वर्गाला घेऊन गेलो. ही खुर्चीत बसून म्हणाली, "तुम्ही करा, मी बघते."

तिथल्या बाई माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी मला एका जोडीदारासमोर उभं केलं, मनगटाला मनगट टेकवायला लावलं. जोर लावायचा नाही, सोडायचंही नाही. समोरच्याचं वजन कुठल्या पायावर आहे ते फक्त स्पर्शातून ओळखायचं. चिनीत या कौशल्याला 'ऐकणं' म्हणतात. "काका, तुम्ही ऐकत नाही, बोलता," बाई म्हणाल्या. खुर्चीतून हसण्याचा आवाज आला.

आठ महिने लागले. आता रात्री ही उठली की मी तिच्या कोपराखाली नुसता तळहात ठेवतो. कुठे झुकतेय ते हातालाच कळतं. मोरीच्या उंबरठ्याशी मात्र तिचे पाय जमिनीला चिकटतात. या आजारात दाराशीच असं होतं, आणि ओढलं तर आणखी घट्ट होतात. मग आम्ही तिथेच उभ्या उभ्या सावकाश डुलतो. वजन डावीकडे, वजन उजवीकडे, जसे गच्चीवर ढग सारवताना. परवा रात्री तीन वाजता असेच डुलत होतो. माझे डोळे मिटलेले, लय छान लागलेली.

"झाले का तुमचे ढग सारवून?" ही म्हणाली. "पाय कधीच सुटलाय. मला आत जाऊ द्या."